फ्लुओरोयुरॅसिल मलम

फ्लुओरोयुरॅसिल मलम हे त्वचेवर लावण्याचे औषध असून ते केवळ डॉक्टरांच्या लेखी सल्ल्यानेच वापरले जाते. दीर्घकाळ उन्हाच्या संपर्कामुळे त्वचेवर निर्माण होणाऱ्या अ‍ॅक्टिनिक केराटोसिस या कर्करोगपूर्व विकारावर त्याचा प्रामुख्याने वापर होतो. फ्लुओरोयुरॅसिल हे मुळात कर्करोगाच्या रसायनोपचारात शिरेवाटे दिले जाणारे औषध आहे. मलमाच्या रूपात ते त्वचेच्या वरच्या थरातील बिघडलेल्या पेशींचा नाश करते. उपचाराच्या काळात त्वचा लाल होते, सोलते आणि तिच्यावर खपल्या धरतात. ही प्रतिक्रिया औषधाच्या परिणामाचाच भाग असते. मात्र याची पूर्वकल्पना नसल्यास अनेक रुग्ण उपचार अर्धवट सोडतात, आणि अर्धवट उपचारानंतर विकार शिल्लक राहण्याची शक्यता वाढते.

सर्वाधिक प्रचलित असलेले मलम ५ टक्के तीव्रतेचे असते. याशिवाय ४ टक्के, १ टक्का व ०.५ टक्के तीव्रतेची मलमे आणि सॅलिसिलिक आम्लासह ०.५ टक्के फ्लुओरोयुरॅसिल असलेले द्रावण काही देशांत उपलब्ध आहे.

अ‍ॅक्टिनिक केराटोसिस

अ‍ॅक्टिनिक केराटोसिस या विकारास सौर केराटोसिस असेही म्हणतात. 'अ‍ॅक्टिनिक' या शब्दाचे मूळ किरण या अर्थाच्या ग्रीक शब्दात, तर 'केराटोसिस' या शब्दाचे मूळ शिंग या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. या विकारात त्वचेवर काही मिलिमीटर ते एक-दोन सेंटिमीटर आकाराचे खरखरीत, खवलेदार चट्टे येतात. त्यांचा रंग त्वचेसारखा, लालसर किंवा तपकिरी असतो. पुष्कळदा चट्टा दिसण्याआधी हाताला जाणवतो. त्याचा स्पर्श बारीक पॉलिश कागदासारखा असतो. चेहरा, टक्कल पडलेले डोके, कानांच्या पाळ्या, मान, हातांचे पंजे व कोपराखालचा भाग अशा सतत उघड्या राहणाऱ्या ठिकाणी ते आढळतात. खालच्या ओठावर असाच विकार झाल्यास त्यास अ‍ॅक्टिनिक कायलायटिस म्हणतात.

सूर्यप्रकाशातील अतिनील किरणे, विशेषतः 'ब' प्रकारची किरणे, बाह्यत्वचेतील पेशींच्या डीएनएला इजा करतात. यातील बहुतेक इजा पेशी स्वतःच दुरुस्त करतात. परंतु वर्षानुवर्षे ऊन लागत राहिल्यास काही बिघाड कायम राहतात. पेशींच्या अमर्याद वाढीस आळा घालणाऱ्या पी-५३ या जनुकात असा बिघाड झाला, की सदोष पेशी नष्ट न होता वाढत राहतात. म्हणूनच हा विकार मुख्यतः चाळिशीनंतर दिसू लागतो आणि वयोमानानुसार वाढतो.

अ‍ॅक्टिनिक केराटोसिसचा प्रत्येक चट्टा कर्करोगात रूपांतरित होत नाही. एकेका चट्ट्याचा विचार केल्यास हे प्रमाण वर्षाला एक टक्क्याहूनही कमी आढळले आहे आणि काही चट्टे आपोआप नाहीसे होतात. मात्र एका व्यक्तीच्या अंगावर असे अनेक चट्टे असू शकतात आणि त्यांपैकी कोणता पुढे स्क्वेमस पेशी कर्करोगाचे रूप घेईल, हे केवळ पाहून सांगता येत नाही. त्यामुळे एकूण जोखीम दुर्लक्ष करण्याजोगी राहत नाही. स्क्वेमस पेशी कर्करोग वेळीच काढल्यास बहुधा बरा होतो. परंतु काही रुग्णांत तो लसिकाग्रंथींपर्यंत पसरतो व प्राणघातक ठरू शकतो.

बाधित क्षेत्राची संकल्पना

उन्हाने खराब झालेल्या त्वचेत डोळ्यांना दिसणाऱ्या चट्ट्यांच्या आसपासही सूक्ष्म पातळीवर बिघडलेल्या पेशी असतात. एखाद्या ऊतकाचे संपूर्ण क्षेत्रच कर्करोगाकडे झुकलेले असते, ही कल्पना अमेरिकेतील डॅनली स्लॉटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये तोंडाच्या कर्करोगाच्या अभ्यासातून मांडली. पुढे ती त्वचेलाही लागू करण्यात आली.

या संकल्पनेमुळे उपचारांचे दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात एकेका चट्ट्यावर उपचार होतो. द्रवरूप नायट्रोजनने चट्टा गोठवणे किंवा तो खरवडून काढणे ही याची उदाहरणे होत. दुसऱ्या प्रकारात संपूर्ण बाधित क्षेत्रावर उपचार होतो. फ्लुओरोयुरॅसिल मलम हे या दुसऱ्या प्रकारातील प्रमुख औषध आहे. चट्टे मोजके असल्यास पहिला, तर ते अनेक व जवळजवळ असल्यास दुसरा प्रकार सोयीचा ठरतो. अनेकदा दोन्हींचा एकत्रित वापर केला जातो.

इतिहास

उन्हात काम करणाऱ्यांच्या त्वचेतील बदल वैद्यकशास्त्राला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ठाऊक आहेत. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ पाउल गेर्सन उना यांनी १८९४ मध्ये खलाशांच्या त्वचेवरील अशा बदलांचे व त्यांतून उद्भवणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले. फ्रान्समधील बोर्दो येथील डॉक्टर विल्यम द्युब्रेय यांनी द्राक्षमळ्यांत राबणाऱ्या मजुरांमध्ये अशीच निरीक्षणे नोंदवली.

फ्लुओरोयुरॅसिलची निर्मिती मात्र अगदी वेगळ्या हेतूने झाली. कर्करोगाच्या पेशी युरॅसिल हा आरएनएचा घटक सामान्य पेशींपेक्षा अधिक प्रमाणात वापरतात, असे उंदरांच्या यकृतातील गाठींवरील संशोधनात १९५४ च्या सुमारास आढळले होते. त्यावरून युरॅसिलच्या रेणूत हायड्रोजनच्या एका अणूऐवजी फ्लोरिनचा अणू बसवून पेशींची दिशाभूल करता येईल, अशी कल्पना विस्कॉन्सिन विद्यापीठातील चार्ल्स हायडेलबर्गर यांनी मांडली. हॉफमन-ला रोश या औषधनिर्माण संस्थेतील रॉबर्ट डुशिन्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रेणू तयार केला आणि १९५७ मध्ये त्यासंबंधीचे संशोधन प्रसिद्ध झाले.

त्वचेवरील उपयोगाचा शोध एका आनुषंगिक निरीक्षणातून लागला. अंतर्गत कर्करोगासाठी शिरेवाटे फ्लुओरोयुरॅसिल दिलेल्या काही रुग्णांच्या अंगावरील जुने सौर चट्टे आधी लाल होऊन सुजले व नंतर नाहीसे झाले, तर आसपासची निरोगी त्वचा तशीच राहिली. १९६२ च्या सुमारास ही बाब नोंदवली गेली. हेच औषध थेट त्वचेवर लावल्यास काय होईल, याचे प्रयोग लगोलग सुरू झाले आणि १९६३ पासून त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध होऊ लागले. १९७० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्वचेवर लावण्याच्या फ्लुओरोयुरॅसिलला मान्यता दिली.

कार्यपद्धती

पेशीचे विभाजन होण्यापूर्वी डीएनएची नवी प्रत तयार व्हावी लागते. त्यासाठी थायमिडीन हा घटक लागतो आणि तो तयार करण्याचे काम थायमिडिलेट सिंथेज हे विकर करते. फ्लुओरोयुरॅसिलचे पेशीत गेल्यावर ज्या रूपात रूपांतर होते, ते रूप या विकराला घट्ट चिकटून त्याचे कार्य थांबवते. थायमिडीनचा पुरवठा तुटल्याने डीएनएची निर्मिती खुंटते व पेशी मरते. याखेरीज औषधाचा काही अंश आरएनएमध्ये युरॅसिलच्या जागी शिरतो आणि प्रथिननिर्मितीत अडथळा आणतो.

वेगाने विभाजित होणाऱ्या पेशींना थायमिडीनची गरज अधिक असल्याने हा आघात त्यांच्यावर अधिक तीव्रतेने होतो. त्यामुळे बाधित पेशी मरतात आणि निरोगी पेशी बहुतांशी टिकून राहतात. मलम संपूर्ण भागावर सारखेच लावले, तरी लाली मुख्यतः सदोष जागांवर उमटते. उपचारापूर्वी न दिसलेले चट्टे उपचाराच्या काळात उठून दिसतात, त्याचे कारणही हेच आहे.

त्वचेवर लावलेल्या औषधापैकी सुमारे ६ टक्के भाग रक्तात शोषला जातो. शरीरातील फ्लुओरोयुरॅसिलचे विघटन मुख्यतः डायहायड्रोपिरिमिडीन डिहायड्रोजनेज या यकृतातील विकराद्वारे होते.

वापर

औषधाचे प्रमाण, लावण्याचा भाग व कालावधी त्वचारोगतज्ज्ञ ठरवतात. अ‍ॅक्टिनिक केराटोसिससाठी ५ टक्के मलम साधारणपणे दिवसातून दोनदा, दोन ते चार आठवडे लावले जाते. चेहऱ्याची त्वचा पातळ असल्याने तेथे परिणाम लवकर दिसतो. हातांवर त्यास अधिक काळ लागतो. ०.५ टक्के मलम दिवसातून एकदाच लावायचे असते.

लावण्यापूर्वी तो भाग सौम्य साबणाने धुऊन पूर्ण कोरडा केला जातो. त्यानंतर मलमाचा पातळ थर दिला जातो. जाड थर लावल्याने परिणाम वाढत नाही, दाह मात्र वाढू शकतो. डोळे, पापण्या, नाकपुड्या व ओठांचे कोपरे टाळावे लागतात. मलम हातमोजे घालून लावणे श्रेयस्कर असते. बोटांनी लावल्यास हात लगेच स्वच्छ धुणे आवश्यक असते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय त्या जागेवर हवाबंद पट्टी बांधली जात नाही, कारण त्यामुळे औषधाचे शोषण वाढते. एका वेळी उपचार करावयाच्या त्वचेचे क्षेत्रफळ ५०० चौरस सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे सुमारे २३ सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या चौरसापेक्षा, अधिक नसावे असा संकेत आहे. मोठ्या क्षेत्रावर टप्प्याटप्प्याने उपचार केला जातो.

५ टक्के मलमाचा उपयोग बोवेनचा रोग, म्हणजे बाह्यत्वचेपुरता मर्यादित असलेला स्क्वेमस पेशी कर्करोग, आणि वरवरचा बेसल पेशी कर्करोग यांवरही होतो. अशा वेळी उपचाराचा कालावधी अधिक असतो. खोलवर गेलेल्या कर्करोगावर या मलमाचा उपयोग होत नाही. वरचा थर बरा दिसत असताना खाली रोग वाढत राहण्याचा धोका असतो. म्हणून चट्टा जाड किंवा कठीण असेल, झपाट्याने वाढत असेल, दुखत असेल, त्यातून रक्त येत असेल किंवा उपचारानंतरही तो टिकून राहिला, तर त्याचा तुकडा काढून ऊतकपरीक्षा करणे आवश्यक ठरते.

उपचारादरम्यान त्वचेतील बदल

उपचाराचा क्रम बहुतेक रुग्णांत ठरावीक टप्प्यांनी जातो. पहिले काही दिवस विशेष बदल दिसत नाही. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस लाली व चुणचुण सुरू होते. दुसऱ्या आठवड्यापासून आग होणे, सूज, खवले निघणे व बारीक फोड दिसतात. त्यानंतर त्वचेचा वरचा थर निघून ओलसर व्रण पडतात व त्यांवर खपल्या धरतात. सामान्यतः या टप्प्यावर मलम थांबवले जाते. नवी त्वचा येण्यास पुढे दोन ते चार आठवडे लागतात; लाली पूर्णपणे ओसरण्यास एक-दोन महिनेही लागू शकतात.

म्हणजेच औषध बंद करण्याच्या वेळी त्वचेची अवस्था उपचारापूर्वीपेक्षा वाईट दिसते. याच काळात रुग्णाला औषध मानवले नाही असे वाटण्याचा संभव असतो. लोकांत मिसळण्याचा संकोच, झोपमोड आणि वेदना यांमुळे उपचार पूर्ण करणे अनेकांना कठीण जाते. म्हणून उपचाराची वेळ समारंभ, प्रवास व कामाच्या जबाबदाऱ्या पाहून ठरवणे, अपेक्षित बदलांची आधीच माहिती देणे आणि मधल्या काळात एकदा तपासणी करणे उपयुक्त ठरते. शक्य असल्यास कमी उन्हाचे दिवस निवडले जातात, कारण उन्हामुळे दाह वाढतो.

दाह कमी करण्यासाठी थंड पाण्याच्या घड्या व पेट्रोलियम जेली वापरतात. उपचार संपल्यावर डॉक्टर काही दिवसांसाठी सौम्य स्टिरॉइड मलम देऊ शकतात. पू होणे, ताप येणे किंवा लाली उपचाराच्या भागाबाहेर झपाट्याने पसरणे ही नेहमीची लक्षणे नसून जंतुसंसर्गाची अथवा अ‍ॅलर्जीची असू शकतात; अशा वेळी तातडीने वैद्यकीय सल्ला घ्यावा लागतो.

परिणामकारकता

नेदरलँड्समधील चार रुग्णालयांत झालेल्या व २०१९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चार उपचारांची थेट तुलना करण्यात आली. डोक्यावर किंवा चेहऱ्यावर पाच किंवा अधिक चट्टे असलेल्या ६२४ रुग्णांचा तीत समावेश होता. उपचारानंतर १२ महिन्यांनी चट्ट्यांची संख्या किमान तीन-चतुर्थांशाने घटलेली असणे हा यशाचा निकष होता. त्यानुसार यशाचे प्रमाण ५ टक्के फ्लुओरोयुरॅसिलने ७४.७ टक्के, इमिक्विमॉडने ५३.९ टक्के, प्रकाशगतिक उपचाराने ३७.७ टक्के आणि इंजेनॉल मेब्युटेटने २८.९ टक्के आढळले.

चट्टे जाण्याने कर्करोग टळतो का, हा याहून महत्त्वाचा प्रश्न आहे. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ९३२ व्यक्तींवर झालेल्या चाचणीत निम्म्या व्यक्तींनी चेहरा व कानांवर ५ टक्के मलम चार आठवड्यांपर्यंत लावले, तर उरलेल्यांनी औषधविरहित मलम लावले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या वर्षात शस्त्रक्रियेची गरज भासलेला स्क्वेमस पेशी कर्करोग औषध घेतलेल्या गटात १ टक्का, तर दुसऱ्या गटात ४ टक्के व्यक्तींना झाला. पहिल्या वर्षानंतर मात्र हा लाभ टिकून राहिल्याचे दिसले नाही. बेसल पेशी कर्करोगाच्या प्रमाणातही लक्षणीय फरक पडला नाही. यावरून मलमाचे संरक्षण काही काळापुरते असते आणि नियमित तपासणीची गरज कायम राहते, असे दिसते.

कालावधी घटवण्याच्या दृष्टीने फ्लुओरोयुरॅसिल व कॅल्सिपोट्रायॉल हे ड जीवनसत्त्वाशी साधर्म्य असलेले औषध यांचे मिश्रण अभ्यासले गेले आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १३१ व्यक्तींच्या चाचणीत हे मिश्रण केवळ चार दिवस, दिवसातून दोनदा लावण्यात आले. आठ आठवड्यांनंतर चेहऱ्यावरील चट्ट्यांची संख्या सरासरी ८७.८ टक्क्यांनी घटली. फ्लुओरोयुरॅसिल व पेट्रोलियम जेली यांचे मिश्रण वापरलेल्या गटात ही घट २६.३ टक्के होती. हे मिश्रण बिघडलेल्या पेशींविरुद्ध शरीराची प्रतिकारयंत्रणा जागृत करते, असे संशोधकांचे प्रतिपादन आहे.

निषिद्धता व सावधगिरी

गर्भावस्थेत व स्तनपानाच्या काळात हे मलम वापरले जात नाही, कारण त्यापासून गर्भाला इजा होण्याचा धोका असतो. डायहायड्रोपिरिमिडीन डिहायड्रोजनेज या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या व्यक्तींच्या शरीरात औषध साठून राहते. अशा व्यक्तींना तोंडाला फोड येणे, तीव्र अतिसार व रक्तपेशी घटणे असे गंभीर परिणाम होऊ शकतात. म्हणून त्यांना हे औषध निषिद्ध आहे. नागिणीवर काही देशांत दिले जाणारे ब्रिव्हुडीन हे औषध याच विकराला निष्प्रभ करते. त्यामुळे ही दोन औषधे एकत्र घेणे धोक्याचे असते.

पाळीव प्राण्यांसाठी हे मलम अत्यंत विषारी आहे. कुत्र्याने नळी चावल्यास किंवा मांजराने मलम लावलेली त्वचा चाटल्यास झटके येऊन मृत्यू ओढवू शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याबाबत इशारा दिलेला आहे. मलम लावण्यास वापरलेले बोळे व हातमोजे प्राण्यांच्या व मुलांच्या हाती लागणार नाहीत, अशा रीतीने टाकणे आवश्यक असते.

अन्य उपचार

इमिक्विमॉड हे मलम त्वचेतील प्रतिकारयंत्रणा उत्तेजित करते. हायल्युरोनिक आम्लयुक्त डायक्लोफेनॅक जेल सौम्य असते, परंतु ते दोन ते तीन महिने लावावे लागते. प्रकाशगतिक उपचारात आधी प्रकाशसंवेदी द्रव्य निर्माण करणारे औषध लावून नंतर विशिष्ट प्रकाश दिला जातो. २०२० च्या अखेरीस अमेरिकेत मान्यता मिळालेले टिर्बानिब्युलिन मलम केवळ पाच दिवस लावायचे असते. इंजेनॉल मेब्युटेट हे जेल मात्र त्वचेच्या कर्करोगाची जोखीम वाढण्याच्या शक्यतेवरून २०२० मध्ये युरोपीय संघात मागे घेण्यात आले.

भौगोलिक प्रसार व भारतातील स्थिती

गोऱ्या वर्णाच्या व तीव्र उन्हाच्या प्रदेशात राहणाऱ्या लोकांमध्ये अ‍ॅक्टिनिक केराटोसिसचे प्रमाण सर्वाधिक असते. ऑस्ट्रेलियात हा विकार अतिशय सामान्य आहे. त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य अतिनील किरणे शोषून घेत असल्याने भारतीयांमध्ये तो तुलनेने विरळ आढळतो. मेलॅनिनचे हे संरक्षण सर्वांना सारखे नसते. जन्मजात वर्णहीनता असलेल्या व्यक्ती, डीएनए दुरुस्तीचा आनुवंशिक दोष असलेले झेरोडर्मा पिग्मेंटोजमचे रुग्ण आणि अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेणाऱ्या व्यक्ती यांना भारतातही धोका असतो. वर्णहीन व्यक्तींमध्ये असे चट्टे तरुण वयातच दिसू शकतात. उन्हात शेतीकाम किंवा मजुरी करणाऱ्या वर्णहीन व्यक्तीच्या चेहऱ्यावरील वा हातांवरील न भरणारी खपली म्हणूनच तपासून घेण्याजोगी असते.

भारतात फ्लुओरोयुरॅसिल मलमाचा वापर त्वचारोगतज्ज्ञ चामखिळीवर, तसेच त्वचा खरवडून किंवा सूक्ष्म सुयांनी टोचून केल्या जाणाऱ्या कोडाच्या उपचारात साहाय्यक औषध म्हणूनही करतात. गंगेच्या खोऱ्यात आर्सेनिकयुक्त भूजल पिणाऱ्यांच्या तळहातांवर व तळपायांवर होणारे केराटोसिस कर्करोगपूर्वच असते. परंतु त्याचे कारण ऊन नसून आर्सेनिक असते. चट्टा कोणत्या कारणाने आला आहे, हे निदानाशिवाय ठरवता येत नाही. त्यामुळे दुसऱ्याला लागू पडलेले मलम स्वतःच्या चट्ट्यावर लावणे धोक्याचे असते.

प्रतिबंध

अ‍ॅक्टिनिक केराटोसिसवरील कोणताही उपचार उन्हाने झालेली सर्व हानी भरून काढत नाही. भर दुपारचे ऊन टाळणे, रुंद काठाची टोपी व पूर्ण बाह्यांचे कपडे वापरणे आणि उघड्या त्वचेवर सनस्क्रीन लावणे हे उपाय उपचारानंतरही चालू ठेवावे लागतात. सनस्क्रीनच्या नियमित वापराने नवे चट्टे येण्याचे प्रमाण घटते, असे ऑस्ट्रेलियातील अभ्यासांत दिसून आले आहे. ज्यांना एकदा हा विकार झाला आहे, त्यांनी ठरावीक काळाने त्वचेची तपासणी करून घेणे हितावह असते.